यंत्रावर उभं राहून पेशी तरुण होतात का?

वाचकाचं पत्र

"मी 64 वर्षांची आहे. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात हाडांची घनता तपासली, कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे 1.8 आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा ऑस्टिओपेनिया आहे, म्हणजे हाडं विरळ झालीत पण ऑस्टिओपोरोसिसपर्यंत गेलेली नाहीत, औषध इतक्यात नको. रोज चाला, वजनाचे व्यायाम सुरू करा, पुढे पुन्हा तपासू. वजन उचलायचं ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. हाडं ठिसूळ होत चालली आहेत आणि वर त्यांच्यावर भार टाकायचा?

तेवढ्यात माझ्या धाकट्या दिरांनी एक व्हिडिओ पाठवला. थरथरणारी एक प्लेट आहे, तिच्यावर रोज पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं. 'नोबेल मिळालेल्या शोधावर आधारित सौम्य यांत्रिक उद्दीपनामुळे म्हाताऱ्या पेशी पुन्हा तरुण होतात' असं त्यात सांगतात. त्याच कंपनीचं अंगावर फिरवायचं अल्ट्रासाऊंडचं उपकरणही आहे. भाऊजींनी उत्साहाने दोन्ही मागवून टाकलंय. यजमान (वय 71, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे) मसाज गन पोटऱ्यांवर फिरवतात, त्यांना बरं वाटतं. सून चेहऱ्यावर रोलर फिरवते. घरात सगळेच काही ना काही थरथरवताहेत, मीच मागे आहे. या सगळ्यात तथ्य किती? आणि यंत्र नको असेल तर भाऊजींना न दुखवता कसं सांगू?"

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. प्लेट आणि अल्ट्रासाऊंड दोन्ही परत पाठवा. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं वजन मात्र उचला, कुणाच्या तरी देखरेखीखाली आणि हळूहळू वाढवत. तुम्हाला ज्याची धास्ती वाटते त्याच्याच बाजूने पुरावा आहे, आणि जे निर्धोक वाटतंय त्याची पाटी जवळजवळ कोरी आहे.

जाहिरातीतलं पहिलं वाक्य खरं आहे, हीच पंचाईत. धादांत खोटी जाहिरात चटकन ओळखू येते. ही खऱ्यापासून सुरू होते आणि नेमकी कुठे वळली ते कळतच नाही. म्हणून खरं किती ते आधी पाहू.

पेशींना दाब, ताण, ओढ कळते. 2010 साली अमेरिकेत आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत बर्ट्रांड कोस्त आणि सहकाऱ्यांनी एक चिकाटीचा प्रयोग केला. काचेच्या अतिशय बारीक टोकाने पेशीला हलकेच ढोसलं की तिच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह उठायचा. तो कुणामुळे उठतो हे शोधायला त्यांनी 72 संशयित जनुकांची यादी केली आणि एकेक बंद करून पुन्हा ढोसून पाहिलं. यादीतलं शेवटचं जनुक बंद केलं तेव्हा पेशी गप्प झाली. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला पिएझो-1 म्हणतात. ते पेशीच्या आवरणात बसलेलं असतं. आवरण ताणलं गेलं की ते उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशीला कळतं की आपल्यावर काहीतरी जोर पडला. 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पटापूटियन आणि डेव्हिड ज्युलियस यांना मिळालं ते तापमान आणि स्पर्श शरीराला कसे कळतात या शोधासाठी. ते थरथरत्या प्लेटसाठी नव्हतं. व्हिडिओतलं नोबेल ते हेच, आणि त्याचा त्या यंत्राशी संबंध तेवढाच, जेवढा गुरुत्वाकर्षणाच्या शोधाचा एखाद्या लिफ्टच्या कंपनीशी.

हाडांच्या बाबतीत तर ही गोष्ट त्याहून कितीतरी जुनी. यूलिउस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने 1892 मध्येच मांडलं होतं की हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःची रचना बदलतं. टेनिसपटूचा रॅकेट धरणारा हात दुसऱ्या हातापेक्षा जाड हाडाचा असतो. उलट अंतराळवीरांचं पाहा. तिथे पायांवर शरीराचा भारच नसतो, त्यामुळे नितंबाच्या हाडाची घनता महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्क्याने घटते. पाळी गेलेल्या बाईची तेवढी घट व्हायला जवळजवळ वर्ष लागतं. हाडाच्या आत पुरलेल्या ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी हा हिशेब ठेवतात. भार पडला की हाडातल्या बारीक नळ्यांमधलं पाणी हलतं, ते या पेशींना जाणवतं आणि त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन कमी सोडतात. स्क्लेरोस्टिन हाड बांधण्याला लगाम घालतं. तो सैल झाला की बांधकाम वाढतं. रोमोसोझुमॅब नावाचं ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं, इंजेक्शन याच प्रथिनाला अडवतं. म्हणजे जे काम इंजेक्शन करतं, त्याच कळीवर तुमचा भारही बोट ठेवतो, जोर कमी असला तरी.

आता 'तरुण होतात' या शब्दांकडे येऊ. तेही हवेतून आलेले नाहीत. प्रयोगशाळेत खरोखर विलक्षण गोष्टी घडल्या आहेत, आणि त्यातली एक मला इतकी आवडते की इथे थोडी रेंगाळणार आहे.

जी. व्ही. शिवशंकर यांच्या सिंगापूरमधल्या गटाने त्वचेखाली असतात तशा, कोलॅजेन (त्वचेला आधार देणारं प्रथिन) बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी घेतल्या. काचेवर त्यांनी चिकट प्रथिनाचे अगदी लहान आयत छापले, एका आयतावर एकच पेशी मावेल एवढे. पेशीला फक्त तिथेच बसता येतं, बाहेर पाय पसरायला जागा नाही. मग ती लांबट होते, तिचं केंद्रकही लांबट होतं. ती विभागते तेव्हा लेकीही त्याच आयतात, एकमेकींवर चढून बसतात. साधारण दहा दिवसांत त्यांचा गोळा होतो आणि त्या गोळ्यातल्या पेशी स्टेम सेलच्या, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींच्या, वळणावर जायला लागतात. कुठलंही जनुक बाहेरून घातलेलं नाही, कुठलं रसायन नाही, फक्त जागेची कोंडी. 2006 मध्ये जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांना हेच करायला चार जनुकं पेशीत घालावी लागली होती. पुढे 2020 मध्ये शिवशंकर यांच्या गटाने हे गोळे कोलॅजेनच्या जाळ्यात ठेवले, तेव्हा त्यातून पुन्हा फायब्रोब्लास्ट निघाल्या. या नव्या पेशींच्या डीएनएची मोडतोड कमी होती आणि आजूबाजूचं जाळं आकसून धरण्याची ताकद जास्त होती. म्हणजे तरुणपणाच्या खुणा.

दुसरा प्रयोग केंब्रिजचा, 2019 चा. केव्हिन चालुट आणि रॉबिन फ्रँकलिन यांच्या गटाने दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांचा मेंदू तरुण उंदरांच्या मेंदूपेक्षा टणक होतो, आणि चेतातंतूंवरचं आवरण दुरुस्त करणाऱ्या पेशी त्या टणकपणामुळेच सुस्तावतात. त्याच म्हाताऱ्या पेशी मऊ जेलवर ठेवल्या तर पुन्हा कामाला लागल्या. तरुण पेशी टणक जेलवर ठेवल्या तर म्हाताऱ्यासारख्या वागल्या. पिएझो-1 बंद केलं तर टणक मेंदूतही म्हाताऱ्या पेशींना टणकपणा जाणवेनासा झाला. लक्षात घ्या, इथे उपाय जोर कमी करण्याचा होता, वाढवण्याचा नव्हे. 'उद्दीपन जितकं जास्त तितकं बरं' हे समीकरण इथेच मोडतं.

तिसरा प्रयोग बहुधा तुमच्या व्हिडिओवाल्यांच्या कानावर गेला असावा. मायकल शीट्झ हे पेशींच्या यांत्रिकीतलं मोठं नाव, वैद्यकीय संशोधनासाठीच्या 2012 च्या लास्कर पुरस्काराचे एक मानकरी. त्यांच्या गटाने विभागणं थांबवलेल्या म्हाताऱ्या पेशींना कमी वारंवारितेच्या अल्ट्रासाऊंडने हलवलं, साधारण 32 हजार हर्ट्झच्या (सेकंदाला 32 हजार कंपनं), म्हणजे माणसाला ऐकू येतं त्याच्या जरा वर. काही पेशी पुन्हा विभागू लागल्या, म्हातारपणाच्या खुणा कमी झाल्या. म्हाताऱ्या उंदरांवर करून पाहिलं तर त्यांची शारीरिक क्षमता सुधारली. काम गंभीर आहे, थट्टा करण्यासारखं मुळीच नाही. पण फिजिओथेरपीत वापरतात ते अल्ट्रासाऊंड 10 ते 30 लाख हर्ट्झचं असतं. सोनोग्राफीचं त्याहूनही वरचं. घरी आलेल्या डबीत यातलं काय आहे, किती तीव्रतेचं आहे हे डबीवर लिहिलेलं आहे का ते बघा. 'अल्ट्रासाऊंड' एवढंच लिहिलं असेल तर ते 'गोळी' एवढंच लिहिलेल्या पाकिटाइतकंच उपयोगाचं.

आणि एक गोष्ट जाहिरातीत कधीच येणार नाही. म्हातारी पेशी थांबते ती बऱ्याचदा शहाणपणाने थांबते. लिओनार्ड हेफ्लिक यांनी 1961 मध्ये दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी ठरावीक वेळा विभागून थांबतात. डीएनएची मोडतोड झालेल्या पेशीही थांबतात, आणि त्या विभागत राहिल्या असत्या तर कर्करोगाच्या वाटेला लागण्याचा धोका होता. हा शरीराचा ब्रेक आहे. तो कुठल्या पेशीचा सोडायचा, किती सोडायचा, हे ठरवून उंदरांवरून माणसांवर येणं हे फार सावधपणे करायचं काम आहे. घरी बसून, दुपारच्या वेळी, टीव्ही बघत पोटरीवर फिरवायचं नाही.

आता तुमच्या प्लेटबद्दल. इथे सुदैवाने अंदाज बांधत बसावं लागत नाही, माणसांवर नीट चाचण्या झाल्या आहेत.

2001 मध्ये क्लिंटन रुबिन यांच्या गटाने प्रौढ मेंढ्यांच्या मागच्या पायांना रोज 20 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, वर्षभर 30 हर्ट्झची अगदी हलकी थरथर दिली. गुरुत्वाकर्षणाच्या 0.3 पट, म्हणजे जेमतेम जाणवेल एवढी. मांडीच्या वरच्या भागातल्या जाळीदार हाडाची घनता 34 टक्क्यांनी वाढली. जगभर खळबळ उडाली. नुसतं उभं राहून हाड वाढणार असेल तर म्हाताऱ्या माणसांना दुसरं काय हवं? प्लेटच्या बाजाराचं मूळ इथे आहे.

मग माणसांची पाळी आली. 2011 मध्ये कॅनडातल्या चाचणीचा निकाल लागला: 202 स्त्रिया, सगळ्यांची पाळी गेलेली, सगळ्यांची घनता तुमच्यासारखीच कमी पण ऑस्टिओपोरोसिसपर्यंत न पोचलेली. प्लेटच्या दोन गटांनी वर्षभर रोज 20 मिनिटं प्लेटवर उभं राहून पाहिलं, एकाने 30 हर्ट्झच्या, दुसऱ्याने 90 च्या. तिसऱ्या गटाने नुसतं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेतलं, जे पहिल्या दोन्ही गटांनाही मिळत होतं. वर्षअखेर तिन्ही गटांच्या हाडांत फरक नाही. 2015 मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत 174 वृद्ध माणसं, सरासरी वय 80 च्या वर, दोन वर्षं. तुलनेच्या गटाला दिसायला तशीच पण खोटी प्लेट दिली होती. इथेही हाडांची घनता वाढली नाही. मेंढीत जे झालं ते बाईत झालं नाही, एवढं साधं आहे हे.

आणखी एक: त्या चाचण्यांतल्या प्लेट मुद्दाम हलक्या बनवलेल्या होत्या. विक्रीला असतात त्यातल्या अनेक प्लेट गुरुत्वाकर्षणाच्या एकपटीच्याही वर जातात. अशी थरथर रोज कमरेतून मानेकडे जाणं 64 व्या वर्षी चांगलं नव्हे. ज्यांना डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे, मूतखडे आहेत, नुकताच सांधा बदलला आहे, पायात रक्ताची गुठळी झाली आहे किंवा पेसमेकर बसवला आहे, त्यांनी तर अशा यंत्रापासून लांबच राहावं.

कंपनाचं दार कायमचं बंद झालंय असं मात्र मी म्हणणार नाही. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कमरेला बांधायच्या एका कंपन-पट्ट्याला परवानगी दिली, तीही पाळी गेलेल्या, ऑस्टिओपेनिया असलेल्या स्त्रियांसाठी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. नियमित वापरणाऱ्या स्त्रियांच्या मणक्याच्या हाडाची ताकद कमी वेगाने घटली. घटली कमी, वाढली नाही. ते वेगळं उपकरण आहे, भाऊजींनी मागवलेल्या प्लेटचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि डॉक्टरबाईंना त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

अल्ट्रासाऊंडचाही असाच एक इतिहास सांगून ठेवते, कारण उद्या कुणीतरी म्हणेल की 'याला तर सरकारी मान्यता आहे'. मोडलेलं हाड लवकर जुळावं म्हणून कमी तीव्रतेच्या अल्ट्रासाऊंडला अमेरिकेत 1994 मध्येच मान्यता मिळाली होती. वर्षानुवर्षं वापरलं गेलं. 2016 मध्ये पायाचं नडगीचं हाड मोडलेल्या 501 रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात काहीही फायदा दिसला नाही. पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या गटाने ते वापरू नका असा ठाम सल्ला दिला. मान्यता आणि उपयोग या दोन गोष्टी कधी कधी फारकत घेतात त्या अशा.

यजमानांची मसाज गन. त्यांना बरं वाटतं ते खोटं नाही. 2012 मध्ये कॅनडात एका प्रयोगात तरुण पुरुषांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, मग एकाच मांडीला दहा मिनिटं हातांनी मालिश केलं आणि दोन्ही मांड्यांमधून स्नायूचा कणभर तुकडा काढून पाहिला. मालिश केलेल्या मांडीत दाह वाढवणारे संदेश कमी झाले होते आणि पेशीतली ऊर्जाकेंद्रं वाढवणारा संदेश सुरू झाला होता. 'मालिशने लॅक्टिक अॅसिड निघून जातं' हे जे सगळे सांगतात ते मात्र त्यात दिसलं नाही. 2021 मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड मूनी यांच्या गटाने जखमी उंदरांच्या पायाला यंत्राने मोजूनमापून दाब दिला. जखमेत साठलेल्या, दाह पेटता ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या दाबाने बाहेर पडल्या आणि स्नायू जास्त लवकर, जास्त बळकट जुळला. तेव्हा मालिशमागे तत्त्व आहे. पण यजमान रक्त पातळ करण्याची गोळी घेतात. मसाज गन ठोकते, चोळत नाही. अशा माणसाच्या पोटरीत तिने आतल्या आत रक्त साकळू शकतं. त्यांच्यासाठी हाताने, तेल लावून, हलकं चोळणंच बरं. आणि एकच पोटरी सुजली, तापली किंवा दुखू लागली तर मालिश अजिबात नको, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, कारण ती शिरेतली गुठळी असू शकते आणि चोळून ती सुटली तर फुप्फुसात जाते. गोळी कोणत्या कारणाने सुरू आहे हे त्यांच्या डॉक्टरांना माहीत आहे, तेव्हा गन वापरायची की नाही हेही त्यांनाच विचारा.

सुनेचा रोलर राहू द्या. रोलरबद्दल नाही, पण चेहऱ्याच्या व्यायामांबद्दल 2018 मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता: 27 बायकांनी सुरू केला, 16 जणींनी 20 आठवडे पुरा केला. फोटो पाहणाऱ्या डॉक्टरांना त्या सरासरी तीनेक वर्षांनी तरुण वाटल्या. तुलनेचा गट नव्हता, म्हणून त्यावर फार विसंबू नये. त्वचेला ओरखडे पडत नसतील तर तिला करमणूक करू द्या.

आता वजन. इथेच तुमची खरी भीती आहे, म्हणून सावकाश सांगते.

ऑस्ट्रेलियात 101 स्त्रियांवर एक चाचणी झाली, 2017 मध्ये तिचे निकाल आले. सगळ्या 58 च्या वरच्या, सगळ्यांची हाडं विरळ झालेली, काहींची तुमच्याहून जास्त. एका गटाला आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, खरोखर जड वजनाचे व्यायाम दिले: जमिनीवरून वजन उचलणं, खांद्यावर वजन घेऊन बसणं-उठणं, डोक्यावर वजन नेणं, आणि उंचावरून पायांवर धप्पकन उतरणं. दुसऱ्या गटाला घरी हलके व्यायाम. आठ महिन्यांनी जड गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता 2.9 टक्क्यांनी वाढली, हलक्या गटाची 1.2 टक्क्यांनी घटली. फ्रॅक्चर झालं का? नाही. एका बाईची कंबर थोडी धरली होती, तेवढंच. पण हे सगळं प्रशिक्षकाच्या डोळ्यांसमोर झालं, आणि पहिला महिनाभर फक्त स्वतःच्या शरीराच्या आणि हलक्या वजनाने वळण शिकवलं गेलं. हा भाग वगळून तुम्ही थेट जड वजनाला हात घातलात तर त्या चाचणीचा आधार तुम्हाला नाही.

वय झालं असं म्हणत असाल तर 1990 चा बोस्टनमधला अभ्यास ऐका. वृद्धाश्रमातली दहा माणसं, सरासरी वय 90. आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. तुमच्याजवळ 26 वर्षं शिल्लक आहेत.

एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे जा आणि सांगा: टी-स्कोअर उणे 1.8, फ्रॅक्चर नाही, वजनाचा व्यायाम शिकायचा आहे. पहिली गोष्ट त्या शिकवतील ती कमरेतून न वाकता नितंबांतून वाकणं. आजच करून पाहा. भिंतीकडे पाठ करून एक पाऊल पुढे उभ्या राहा. गुडघे किंचित सैल. आता पाठ सरळ ठेवून नितंब मागे नेत भिंतीला टेकवा, जणू मागचं दार ढकलायचंय. पाठीची कमान झाली, नजर पायाच्या बोटांकडे गेली, की चुकलं. जमिनीवरची कुठलीही वस्तू यापुढे अशीच उचलायची. विरळ मणक्यांना वजनापेक्षा पाठ गोल करून वाकण्याने जास्त इजा होते. म्हणून बसून पायाची बोटं धरायचे, पाठीवर झोपून धड उचलायचे पोटाचे व्यायाम तुम्ही सोडून द्या.

दुसरी गोष्ट खुर्चीवरून उठणं. न हलणारी खुर्ची भिंतीला लावून ठेवा. हात छातीवर घडी करून, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, धड पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की उठा. बसताना मात्र तीन मोजत खाली या. धप्पकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया. हे सहज दहा वेळा जमायला लागलं की हातात वजन घ्या, मग वाढवा. सहज होणारा व्यायाम हाडाला कळत नाही. नुसतं चालणंही म्हणूनच हाडांना पुरत नाही, हृदयाला आणि मनाला कितीही चांगलं असलं तरी.

आणि दिवसभर एकच एक करत बसू नका. हाडाच्या पेशी काही डझन झटक्यांनंतर बधिर होतात आणि काही तासांनी पुन्हा जाग्या होतात. उंदरांवरच्या प्रयोगांत तेवढेच झटके मध्ये विश्रांती देऊन विभागून दिले तेव्हा हाड जास्त वाढलं. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, हे तुमच्या गुडघ्यांनाही मानवेल. उड्या, धप्पकन उतरणं वगैरे मात्र फिजिओ हो म्हणेपर्यंत नको. पाठीत अचानक कळ आली, उंची कमी झाल्यासारखी वाटली, तर व्यायाम थांबवून दाखवून या.

भाऊजींचं काय? त्यांचा हेतू चांगला आहे आणि त्यांना खोटं पाडण्यात काही मिळणार नाही. त्यांनाच कामाला लावा. म्हणा, "भाऊजी, कंपनीला विचारा: याची वारंवारिता किती, तीव्रता किती, आणि माझ्या वयाच्या बायकांवर खोट्या प्लेटशी तुलना करून केलेली चाचणी कुठे आहे?" उत्तरात पुन्हा तोच व्हिडिओ आला तर परत पाठवायचा निर्णय तेच घेतील. परतीची मुदत किती दिवस आहे ते मात्र आजच बघा, या कंपन्या तिथेच वेळ काढतात. आणि त्यांना खरंच काही द्यायचं असेल तर फिजिओकडे सोडायला-आणायला सांगा. आठवड्यातून दोनदा, वर्षभर. प्लेटपेक्षा ही भेट जड आहे.

पुढची घनतेची तपासणी त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करून घ्या. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत, आणि एक-दोन टक्क्यांचा फरक मोजण्यातल्या चुकीतही येऊ शकतो. म्हणून आकडा जरासा खाली आला तर घाबरून पुन्हा व्हिडिओ बघायला बसू नका, डॉक्टरबाईंना विचारा हा फरक खरा धरायचा का.